दिसतं ते सांगू नका, आठवतं ते सांगा

हे पत्र हाती आलं त्याच संध्याकाळी मी लिहिणाऱ्या बाईंना फोन केला आणि रात्री बसून हे उत्तर लिहून पाठवलं. इथे ते दोन महिन्यांनी, त्यांच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून छापते आहे. पत्रातल्या मुलीच्या तपासाचं पुढे काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही. तो तिचा आणि पोलिसांचा विषय आहे. पत्र मोठं होतं, त्यातला आवश्यक भाग असा:

"ताई, मी सिंधुदुर्गातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहे. वय ३९. नवरा मुंबईला, दोन मुलगे हायस्कुलात. माझ्या सासूबाई चैत्रात वारल्या. चार वर्षं त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं, सगळं अंथरुणात. मीच केलं. त्या गेल्या तेव्हा नेमकी मी अंगणवाडी सेविकांच्या बीट मीटिंगला होते. पुढे महिन्याभरात एका संध्याकाळी सातच्या सुमाराला, मागील दारी न्हाणीजवळ त्या मला उभ्या दिसल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा दिसतात. बोलत नाहीत, नुसत्या बघतात. मला हे नको आहे हो. लहानपणीसुद्धा मला रात्री कोणीतरी खाटेशी उभं दिसायचं, हातपाय हलायचे नाहीत, ओरडायला जावं तर आवाज फुटायचा नाही. आईने देवाला नारळ बोलला आणि ते थांबलं होतं.

श्रावणात शेजारच्या काकींच्या पाटल्या हरवल्या. मला सासूबाई विहिरीच्या कठड्यापाशी दिसल्या, मी ते बोलून गेले आणि पाटल्या तिथेच, दगडाच्या खाचेत मिळाल्या. आमच्या वाडीत रेंज नाही, पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदींचं अ‍ॅप) भरायचा तर वर जुन्या चिरेखाणीकडे चढून जावं लागतं, पण ही बातमी मात्र चार गावांत गेली. लोक ओटीवर येऊन बसतात. नारळ, तांदूळ, दहा-वीस रुपये ठेवून जातात.

आता खरं सांगते. वाडीतली एकोणीस वर्षांची एक मुलगी आषाढापासून बेपत्ता आहे. पोलिसांत नोंद आहे. तिची आई रोज दिवेलागणीला येते आणि विचारते, 'बाय, तुका दिसता मा, मगे सांग. माझा चेडू आसा काय गेला?' मी गप्प बसते. पण आठ दिवसांपूर्वी मला ती मुलगी दिसली. खाणीच्या काठावर, केस ओले, माझ्याकडे बघत. त्या खाणीत पावसाचं पाणी भरलंय. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

दीर म्हणतात, गणपतीला चाकरमानी आले की तुला दर गुरुवारी बसवू. शेजारच्या गावचा एक भगत आहे, त्याचं म्हणणं अमावास्येला बांधून मिरचीची धुरी दिली की वाट मोकळी होईल. त्या आईला मी सांगू का? आणि ताई, मी वेडी होतेय का? रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही."

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या आईचं, कारण उद्या दिवेलागणीला ती पुन्हा येईल.

तिला खाणीबद्दल एक शब्दही सांगू नका. दिसलं ते खरं की भास, ते आपण पुढे बघू. पण 'तुझी मुलगी गेली' हा निकाल तिच्या पदरात टाकण्याचा अधिकार, समोर प्रेत नसताना, कुणालाच नाही.

मी हे इतकं ठासून का म्हणते त्याला कारण आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड नावाचं शहर आहे. तिथे २००३ च्या एप्रिलमध्ये सोळा वर्षांची एक मुलगी कामावरून घरी येताना नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता. दीड वर्ष वाट बघून तिची आई टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात गेली. सिल्व्हिया ब्राऊन नावाची बाई त्या कार्यक्रमात नेहमी येत असे. आपल्याला मेलेली माणसं दिसतात असं ती सांगे आणि लाखो लोकांचा तिच्यावर विश्वास होता. मुलीचं काय झालं, असं आईने विचारलं. ती हयात नाही, असं ब्राऊनने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. आई खचली. २००६ मध्ये ती वारली. मुलगी तेव्हा जिवंत होती, त्याच शहरात एका माणसाने घरात कोंडून ठेवलेली. ६ मे २०१३ ला ती दार तोडून, आपल्या सहा वर्षांच्या लेकीला घेऊन बाहेर आली. दहा वर्षं ती जगण्यासाठी झगडली, आणि तिची वाट बघणारं माणूस मात्र ती मेली असं मानून गेलं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. मुलीच्या आयुष्याचं जे झालं ते झालंच, पण आईची आशा एका वाक्याने मारली गेली. तुमच्या ओटीवर बसणारी बाईसुद्धा तेवढ्या एका वाक्यासाठीच थांबली आहे, आणि तुम्ही जे बोलाल ते ती खरं धरणार. तुमचं गप्प राहणं तुम्हाला भ्याडपणा वाटतोय. मला वाटतं, या दीड महिन्यात तुम्ही केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच आहे.

पण एका बाबतीत तुम्ही गप्प राहायला नको होतं. त्याबद्दल आपण फोनवर बोललो, तरी पुन्हा लिहिते. फोनवर तुम्ही रडत होतात, सगळं लक्षात राहिलं असेल असं नाही.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानामागे चार ओळी लिहून खोडलेल्या आहेत. रेघा आडव्यातिडव्या मारल्या आहेत, पण अक्षर लागतं. 'ती एकदा माझ्या फोनवरून कोणाशी तरी बोलली होती. रडत होती. कोणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली. त्याचा याच्याशी संबंध नाही.' पत्रातलं बाकी काहीही तुम्ही खोडलेलं नाही. सासूबाई, भगत, दीर, खाण, सगळं सरळ लिहिलंत. एवढंच खोडलंत.

म्हणून मी तुम्हाला फोनवर तो एकच प्रश्न विचारला: तुमच्या फोनवरून ती बोलली तेव्हा कुठे उभी होती?

तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, 'वर. खाणीच्या काठाला. मी ट्रॅकर भरायला गेले होते. पावसाची सर आली, तिच्याकडे छत्री नव्हती.' आणि तुमचा आवाज बदलला.

ओले केस, खाणीचा काठ, तुमच्याकडे वळलेला चेहरा. हे सगळं तुम्ही आषाढात उघड्या डोळ्यांनी, शुद्धीत पाहिलेलं आहे. फोन परत देताना तिने तुमच्याकडे बघितलं असणार आणि तेव्हाच शपथ घातली असणार. पुढे बारा दिवसांनी ती नाहीशी झाली. शपथ मोडवत नाही आणि तिची आई रोज समोर येऊन बसते. अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला रात्री दोनला जाग येणार नाही तर काय होणार? ती मुलगी तुम्हाला दिसली यात मला नवल वाटत नाही. याहून आधी कशी दिसली नाही, याचंच वाटतं.

पाटल्यांचंही मला तसंच दिसतं. काकी धुणं धुताना पाटल्या काढून कुठे ठेवतात, हे वर्षानुवर्षं त्याच विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाईने किती वेळा पाहिलं असेल! लक्ष देऊन कधीच पाहिलेलं नसतं, म्हणून आपल्याला माहीत आहे हेच माहीत नसतं. मग मन ते एखाद्या ओळखीच्या माणसाच्या रूपाने समोर आणतं. तुमच्या मनाने सासूबाईंना उभं केलं, कारण त्या दिवसांत तुमचं मन त्यांच्याभोवतीच फिरत होतं. स्पष्टच सांगते, मी भुतं मानत नाही. तुम्ही मानत असाल तर त्यावरून आपलं भांडण नाही. पण गावकऱ्यांनी तुमच्या अंगी जी शक्ती चिकटवली आहे, तिच्यापेक्षा तुमचे डोळे आणि तुमची स्मरणशक्ती कितीतरी खरी आहे. अंगणवाडीची बाई घरोघर फिरते. कोणाच्या घरात चूल पेटलेली नाही, कोणाच्या पोराचं वजन उतरलं, कोणाच्या सुनेच्या दंडावर वळ आहेत, हे तिला दिसतं. पोलिसांना उपयोग आहे तो या दिसण्याचा.

तेव्हा उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा. तुमच्या पर्यवेक्षिका विश्वासातल्या असतील तर त्यांना बरोबर घ्या, नसतील तर नवऱ्याला आज रात्रीच फोन करून सगळं सांगा आणि त्याला येऊ द्या. पण त्याला सुट्टी मिळेपर्यंत थांबू नका. महिला अंमलदारापुढे जबाब द्यायचा आहे, असं म्हणा. जे कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा: ती कधी भेटली, किती वेळ बोलली, कोणाचं नाव घेतलं, कशाला घाबरली होती, कुठे जायचं म्हणत होती का. तारीख आठवत नाही म्हणालात, ती सापडेल. त्या दिवशी तुम्ही ट्रॅकर भरलाय, त्यात नोंद आहे. त्याच्या आगेमागे गृहभेटी कोणाकडे होत्या ते तुमच्या वहीत आहे. तिने लावलेला नंबर फोनमधून पुसला गेला असला तरी हरकत नाही. कॉलच्या नोंदी टेलिफोन कंपन्यांना किमान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात आणि पोलीस त्या मागवू शकतात. तो नंबर हा तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा धागा आहे. तोंडी सांगून परत येऊ नका. कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ठाण्यात कोणी उडवून लावलं, तर तोच कागद ओरोसला पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या.

स्वप्न, भास, ओले केस यातलं काही तिथे बोलायची गरज नाही. 'ती रेंजसाठी खाणीच्या काठावर यायची, मी स्वतः तिला तिथे पाहिलंय,' हे मात्र नक्की सांगा. ते सत्य आहे आणि महत्त्वाचं आहे. खाणीत शोध घ्यायचा की नाही, ते ठरवणं पोलिसांचं काम. तुम्ही एकटीने तिथे जाऊन पाण्यात डोकावत बसू नका. चिरेखाणीचे काठ सरळ कापलेले असतात, शेवाळ धरलेलं असतं, घसरलेल्या माणसाला धरायला काही नसतं. ट्रॅकरसाठी थोडे दिवस दुसरा चढ शोधा.

शपथेचं ओझं तुम्हाला सगळ्यात जास्त आहे, हे फोनवर कळलं. शपथ मोडली की तिच्या जिवाला काही होईल अशी भीती तुम्हाला वाटते. मी तुमच्या जागी असते तर असा विचार केला असता: रडतानाही तिने गावातल्या कोणाकडे न जाता तुमच्याकडे फोन मागितला. तिचा विश्वास तुमच्यावर होता. आज ती अडचणीत असेल, तर तिच्या मदतीला येऊ शकेल अशी एकच गोष्ट तुमच्याकडे आहे. ती दाबून ठेवून त्या विश्वासाला आपण जागतो का?

आणि ती आपल्या मर्जीने गेली असेल, तर? तिच्या घरच्यांना कळलं आणि ते तिला ओढून घेऊन आले, तर? तुम्ही हे विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात आहे, असं मला वाटतं. ती एकोणीसची आहे, सज्ञान आहे. सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध घरी पाठवता येत नाही. म्हणून जबाब देताना हे आवर्जून सांगा, की फोनवर तिने घरच्या कोणाची भीती बोलून दाखवली होती का, आणि ती सापडली तर आधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं. तिच्या आईलाही फोनबद्दल तुम्ही सांगायचं नाही, ते याचसाठी. आई प्रेमाने सांगेल घरात, आणि घरात आणखी कोण ऐकतंय ते आपल्याला ठाऊक नाही. पुढेमागे तिनेच तुम्हाला फोन केला तर तिला १८१ हा महिलांसाठीचा नंबर द्या. (इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. हरवलेलं मूल अठराच्या आतलं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिलेल्या आदेशाप्रमाणे पोलिसांना सुरुवातीलाच गुन्हा नोंदवावा लागतो. 'दोन दिवस वाट बघा, येईल परत' हे उत्तर चालत नाही. मुलांसाठी नंबर १०९८.)

आता दीर आणि भगत.

मी बावीस वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होते. भगताकडून आमच्याकडे आणलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एकीच्या तळहातावर कापूर पेटवलेला होता. एकीचे डोळे मिरचीच्या धुराने इतके सुजले होते की आठवडाभर ते उघडत नव्हते. त्यांना नेणारे लोक दुष्ट नव्हते. नवरा होता, सख्खी आई होती, काळजीनेच नेलं होतं. म्हणून मी तुम्हाला 'बघू, टाळा जमलं तर' असं म्हणत नाही. अमावास्येच्या रात्री तुम्ही त्या घरात राहायचं नाही. माहेरी जा, मुलांना घेऊन जा.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षं झगडले त्याचा वटहुकूम चारच दिवसांत निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच गोष्ट तुमच्या भगताला लागू पडते: भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कोणी तुम्हाला हात लावायला आलं तर ११२ फिरवा. यात्रा, कीर्तन, भजन, घरची-देवळातली उपासना, यांना हा कायदा हात लावत नाही. तेव्हा 'देवधर्माच्या विरुद्ध गेली' असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. तुमच्या आईने बोललेला नारळ आणि ही धुरी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावालाही ते कळतं.

दिरांना दुसरी बाजूही दाखवा. अंगात शक्ती आहे असं भासवून लोकांच्या मनात भीती घालणं आणि चमत्कारावर पैसे मिळवणं, हेही त्याच कायद्यात बसतं. गुरुवारी ओटीवर तुम्ही बसणार, लोकांच्या तोंडी नाव तुमचं होणार आणि चौकशी आली तर अंगणवाडीची नोकरीही तुमचीच जाणार. तुम्ही सरळ म्हणा, 'भावोजी, मला काही दिसत नाही, पाटल्या मला आठवल्या होत्या.' एकदा, दोनदा, दहादा, तेच वाक्य, त्यात एक शब्द जास्त नको. स्पष्टीकरण द्यायला लागलात की त्यातून नवी कथा निघेल. आलेले पैसे ज्यांचे आठवतात त्यांना परत करा, नारळ-तांदूळ देवळात द्या. गणपतीच्या आधी करा. चाकरमानी आल्यावर घर भरलेलं असेल, भजनं-आरत्यांच्या गर्दीत कोणीतरी 'बस गो जरा' म्हणेल आणि तेव्हा नाही म्हणणं आजच्यापेक्षा फार जड जाईल. नवऱ्याला त्याआधीच सगळं माहीत असलं पाहिजे. भावाशी त्याने बोलावं. हे भांडण तुम्ही एकटीने ओढायचं नाही.

मी वेडी होतेय का, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी विचारलंत, तेही झोपेच्या तक्रारीच्या कडेला. मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते यासाठीच.

वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांनी तिथल्या खेड्यापाड्यांतल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख लिहिला. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचा कुठला ना कुठला भास झाला होता. शंभरातल्या चौदा जणांना तो प्रत्यक्ष दिसला होता, साधारण तितक्यांनाच त्याचा आवाज ऐकू आला होता. त्यातल्या बहुतेकांनी हे तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. ही साधी, खेड्यातली माणसं होती. माझे वडील गेल्यानंतर सव्वा वर्ष मला पहाटे त्यांचा पितळी तांब्या मोरीत ठेवल्याचा आवाज यायचा. मी मानसोपचार विभागात नोकरी करत होते, तरी कोणाला बोलले नाही. ज्या माणसाभोवती आपला दिवस बांधलेला असतो ते माणूस गेलं, तरी डोळे-कान त्याची वाट बघणं लगेच सोडत नाहीत.

लहानपणी खाटेशी उभं राहणाऱ्याचं तर नावच आहे, निद्रापक्षाघात. स्वप्नं पडतात त्या झोपेत आपण स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर ते सैल सोडून देतं. कधीकधी डोळे आधी उघडतात आणि शरीर मागे राहतं. स्वप्न अर्धं चालूच असतं, छातीवर दाब येतो, खोलीत कोणीतरी आहे असं पक्कं वाटतं. 'उरावर बसलं' म्हणतात ते हेच. अपुऱ्या झोपेने ते वाढतं, उताणं झोपल्यावर जास्त होतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. पुन्हा झालं तर एका बोटाचं फक्त टोक हलवायचा प्रयत्न करा आणि कुशीवर झोपायची सवय लावा.

तरी डॉक्टरांना भेटा, आणि ते वेड म्हणून नव्हे. तुमची झोप उडालेली आहे, चार वर्षं अंथरुणातल्या माणसाचं केलंत, स्वतःकडे बघितलेलं नाही. रक्त, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर भेटतात. जायला जमेपर्यंत १४४१६ वर, टेलि-मानसवर, बोला. कुठल्याही वेळी, मराठीत, फुकट. काही गोष्टी मात्र झाल्या तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा: कानात कोणी 'हे कर, ते कर' असं सांगू लागलं, अनोळखी माणसं भर दुपारी दिसू लागली, नसलेला जळका वास येऊन मधली काही मिनिटं आठवेनाशी झाली, किंवा खाणीच्या पाण्याकडे स्वतःसाठी बघावंसं वाटलं. हे शेवटचं मी फोनवर विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात, मी विश्वास ठेवला. उत्तर बदललं तर मला नाही, आधी १४४१६ ला आणि घरातल्या माणसाला सांगा.

उद्या ती आई येईल तेव्हा तिला चहा द्या. तिच्याजवळ बसा, समोर नको, शेजारी. म्हणा, 'काकी, मला काही दिसत नाही. माझ्याकडे जे होतं ते मी पोलिसांत सांगून आलेय.' ती रडेल, कदाचित चिडेल, कदाचित दुसऱ्या दिवशी येणार नाही. आली तर पुन्हा बसा. दर आठवड्याला ठाण्यात जाऊन तपासाचं विचारायचं, हे तिला एकटीला जमत नसेल तर तुम्ही तिच्याबरोबर जा.

राहिल्या सासूबाई. त्या सात वाजता दिसतात. फोनवर तुम्ही सहज म्हणालात, की सात ही त्यांना पेज भरवायची वेळ होती, आधी न्हाणीत पुसून घ्यायचं आणि मग पेज. चार वर्षं रोज. आता सातला तुमच्या हातांना काम नाही. उद्यापासून त्या वेळी पेज करा, एकाच माणसाची, तुमच्यासाठी. मीठ घाला, लोणच्याची फोड घ्या आणि मागील दारी पायरीवर बसा. त्या आल्या तर सांगा, 'आई, त्या दिवशी मी मीटिंगला होते, मला यायला उशीर झाला.' मग पेज गार व्हायच्या आत संपवा.